‘नमुना’ म्हणजे काय? : आयात कापडाच्या तुकड्यासंबंधीचा सीमाशुल्कविचार

कायद्याची भाषा आणि व्यवहाराची भाषा यांचा संबंध दिसतो तितका सरळ नसतो. व्यवहारात एखादा शब्द वर्षानुवर्षे निर्वेधपणे चालत असतो. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला त्याच्या अर्थाविषयी शंका येत नाही. तोच शब्द कर, सूट किंवा दंड यांच्या संदर्भात आला म्हणजे मात्र त्याच्या सीमा आखाव्या लागतात; आणि सीमा आखू लागले की आजवर एक वाटणारा शब्द वस्तुतः तीन-चार निरनिराळ्या कल्पनांचे ओझे वाहत होता, असे आढळून येते. ‘नमुना’ हा अशा शब्दांपैकी एक होय. परदेशातून आलेला वीतभर कापडाचा तुकडा हा ‘माल’ की ‘नमुना’, या प्रश्नाच्या उत्तरावर शुल्क द्यावे लागेल की नाही हे ठरते. तो तुकडा अखंड राहील की त्याला भोके पाडली जातील हेही ठरते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची भाषिक आणि कायदेशीर अशी दोन्ही अंगे तपासावयाची आहेत.

मोरा आणि न्हावा-शेवा

विवेचनासाठी रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचा किनारा सोयीचा आहे. कारण जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रकारच्या बंदरांचे स्वरूप तेथे काही मैलांच्या अंतरात पाहावयास मिळते. मोरा हे उरणचे जुने बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँची येथे लागतात, आणि गाळामुळे ओहोटीच्या वेळी त्यांची ये-जा अडते, हे त्या बाजूच्या प्रवाशांना चांगले ठाऊक आहे. मोऱ्यापासून जवळच, त्याच तालुक्यात, न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. भारतातील पेट्यांतून होणाऱ्या, म्हणजे कंटेनरच्या, वाहतुकीचा फार मोठा भाग आज या बंदरातून होतो, आणि तेथील सीमाशुल्क भवन हे देशातील प्रमुख सीमाशुल्क कार्यालयांपैकी एक आहे.

दोन्ही ठिकाणी समुद्र तोच असला तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान भिन्न आहे. मोरा हे लहान बंदर असून ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येते. न्हावा-शेवा हे ‘महाबंदर’ असल्याने केंद्राच्या अखत्यारीत आहे. शिवाय परदेशी माल कोणत्याही धक्क्यावर उतरविता येत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या सातव्या कलमान्वये जी बंदरे ‘सीमाशुल्क बंदरे’ म्हणून अधिसूचित होतात, तेथेच तो उतरविता येतो. यावरून ‘बंदर’ हा शब्ददेखील व्यवहारात एक आणि कायद्यात दुसरा आहे, हे ध्यानात येईल. जे बंदराचे, तेच पुढे कापडाच्या तुकड्याचे.

शब्दांची पार्श्वभूमी

मराठीत या विषयाची परिभाषा तीन थरांची आहे. ‘शुल्क’ हा शब्द संस्कृत असून फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाच्या कर्तव्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यापुढील शुल्कव्यवहाराच्या प्रकरणात वस्त्र, सूत व कापूस यांवर विसावा किंवा पंचविसावा भाग शुल्क घ्यावे, असा दर सांगितला आहे. ‘जकात’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे आला. मूळ धार्मिक दानाचा वाचक असलेला हा शब्द मराठीत नाक्यावरच्या कराला लागू झाला, आणि मुंबईत तो कर २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत अस्तित्वात होता. ‘कस्टम’ हा इंग्रजी शब्द बंदरावरच्या बोलीत रुळला. राजभाषेच्या व्यवहारासाठी ‘सीमाशुल्क’ हा संस्कृतोद्भव शब्द स्थिर करण्यात आला. बंदरावर काम करणारा माणूस आजही ‘कस्टममधून माल सुटला’ असेच म्हणतो, ‘सीमाशुल्कातून’ असे म्हणत नाही.

‘नमुना’ हा शब्द फारसी असून ‘दाखविणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो साधला आहे. दाखविण्यासाठी असलेली वस्तू, हा त्याचा मूलार्थ. मराठीत त्याचा अर्थविस्तार विलक्षण झालेला आहे. दुकानदार धान्याचा किंवा कापडाचा नमुना दाखवितो, तेव्हा तो ‘वानगी’चा समानार्थी असतो. शिंपी नमुन्याबरहुकूम कपडा शिवतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘आदर्श’ किंवा ‘ज्याचे अनुकरण करावयाचे ते’ असा होतो. महसूल खात्यात ‘गाव नमुना सात’ म्हटले म्हणजे तो छापील तक्त्याचा प्रकार असतो. आणि एखाद्या माणसाविषयी ‘काय नमुना आहे!’ असे उद्गार निघाले की तेथे ‘अजब व्यक्ती’ असा औपरोधिक अर्थ येतो.

इंग्रजीत या अर्थच्छटांसाठी चार निरनिराळे शब्द आहेत, आणि कायदा त्यांतील प्रत्येकाला वेगळी वागणूक देतो. मराठीत ते चारही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात सामावलेले आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मराठी प्रशासनाची परिभाषा सिद्ध केली खरी. परंतु परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क हे राज्यघटनेनुसार संघसूचीतील विषय असल्याने त्यांच्या अधिसूचना हिंदी आणि इंग्रजी या भाषांत निघतात. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला किंवा सोलापूरच्या टॉवेल-उत्पादकाला या नियमांचा अर्थ आपल्या भाषेत समजून घ्यावयाचा असेल, तर तो त्याला दलालाच्या तोंडून ऐकावा लागतो. आणि दलाल सर्वच गोष्टींना ‘सँपल’ म्हणतो.

एका शब्दाखालील दोन वस्तू

पहिला भेद ध्यानात घ्यावयाचा तो असा, की सीमाशुल्काच्या व्यवहारात ‘नमुना’ दोन अगदी विरुद्ध दिशांनी निर्माण होतो.

पहिला नमुना अधिकारी काढतो. न्हावा-शेवा येथे कापडाच्या ताग्यांनी भरलेली पेटी आली, आणि कागदपत्रांत लिहिल्याप्रमाणे ते कापड खरोखर सुती आहे की त्यात कृत्रिम धाग्याची भेसळ आहे, अशी शंका आली, तर अधिनियमाच्या १४४ व्या कलमान्वये अधिकारी मालकाच्या उपस्थितीत त्यातून तुकडा काढून घेऊ शकतो. या कलमात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. नमुना तपासणीसाठी, चाचणीसाठी, मूल्य ठरविण्यासाठी किंवा अधिनियमाच्या अन्य प्रयोजनासाठी घेता येतो. काम संपल्यावर शक्य असेल तर तो मालकास परत करावयाचा असतो, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिन्यांत मालकाने तो नेला नाही, तर आयुक्त सांगतील त्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावता येते. तिसरी गोष्ट विशेष लक्षणीय आहे : चाचणीत नमुना खर्ची पडला किंवा नष्ट झाला, आणि त्यावरील शुल्क पाच रुपये किंवा त्याहून अधिक होत असेल, तर ते शुल्क आकारले जात नाही. १९६२ साली पाच रुपयांना जी किंमत होती ती आज राहिलेली नाही. परंतु त्यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे. राज्याने पारखण्यासाठी जे नष्ट केले त्यावर राज्याने कर घेऊ नये, हे ते तत्त्व होय.

दुसरा नमुना व्यापारी आणतो. येथे मोठा माल मागे परदेशात असतो, किंवा अजून विणलाही गेलेला नसतो. सीमा ओलांडतो तो फक्त तुकडा. पहिल्या प्रकारात माल येथे असतो आणि नमुना त्यातून निघतो. दुसऱ्या प्रकारात नमुना येथे असतो आणि माल कल्पनेत असतो. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण दोहोंना लागू पडते. पण पहिल्या वेळी भात चुलीवर शिजलेला असतो, आणि दुसऱ्या वेळी तो रांधायचा की नाही हेच शितावरून ठरवावयाचे असते.

अडचणीचा उगम या दुसऱ्या प्रकारात आहे. अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात ‘माल’ या शब्दाच्या व्याख्येत सर्व प्रकारच्या जंगम वस्तूंचा अंतर्भाव होतो; ‘नमुना’ या शब्दाची वेगळी व्याख्या तेथे दिलेली नाही. म्हणजे मूलतः प्रत्येक नमुना हा मालच असतो आणि शुल्कास पात्र असतो. तो शुल्कमुक्त होतो तो २५ व्या कलमाखाली केंद्र सरकारने काढलेल्या सवलतीच्या अधिसूचनेमुळे. सवलत ही अपवादात्मक असल्याने तिच्या अटी सिद्ध करण्याचा भार आणणाऱ्यावर पडतो.

१९५२ चा करार

व्यापारी नमुन्यांच्या बाबतीत निरनिराळ्या देशांनी निरनिराळे नियम केल्यास व्यापारच अडेल, ही जाणीव दुसऱ्या महायुद्धानंतर प्रबळ झाली. व्यापारी नमुने आणि जाहिरातीचे साहित्य यांची आयात सुलभ करण्यासाठी ७ नोव्हेंबर १९५२ रोजी जिनिव्हा येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि तो १९५५ साली अमलात आला. भारत या कराराचा सदस्य आहे.

या कराराने नमुन्यांचे दोन वर्ग केले. पहिला वर्ग क्षुल्लक मूल्याच्या नमुन्यांचा. नमुना ज्या जातीचा आहे त्या जातीच्या मालाची मागणी मिळविण्यासाठीच तो वापरावयाचा असेल, तर त्यास शुल्क लागू नये. मूल्य क्षुल्लक आहे की नाही हे ठरविताना एकेका नमुन्याची किंमत पाहावी किंवा एका प्रेषणातील सर्व नमुन्यांची एकत्रित किंमत पाहावी, ही मुभा अधिकाऱ्यास दिलेली आहे. शिवाय खूण करून, फाडून, भोके पाडून किंवा अन्य रीतीने नमुना माल म्हणून निरुपयोगी करावा, अशी अट घालता येते. मात्र नमुना म्हणून असलेली त्याची उपयुक्तता त्यायोगे नष्ट होता कामा नये.

दुसरा वर्ग मूल्यवान नमुन्यांचा. असे नमुने ठरावीक मुदतीसाठी शुल्काविना आत येऊ शकतात. ते विकावयाचे नाहीत, भाड्याने द्यावयाचे नाहीत, प्रात्यक्षिकाखेरीज नित्याच्या वापरात आणावयाचे नाहीत, आणि मुदतीत परत पाठवावयाचे असतात. परत जाणारी वस्तू तीच आहे, हे ओळखता आले पाहिजे. एकाच प्रकारच्या वस्तू इतक्या संख्येने आणल्या, की व्यापाराच्या सामान्य रूढीनुसार त्यांना एकत्रितपणे नमुना म्हणता येणार नाही, तर ही सवलत संपते. येथे कराराने संख्येचा आकडा दिलेला नाही. ‘सामान्य रूढी’कडे बोट दाखविले आहे. व्याख्या करणे अशक्य झाले म्हणजे कायदा भाषकसमाजाच्या व्यवहारज्ञानाचा आधार घेतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या कराराची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. त्याच्या रचनेत परदेशी विक्रेता नमुने घेऊन ग्राहकाच्या देशात येतो, असे चित्र गृहीत धरले आहे. आजच्या वस्त्रव्यवसायात अनेकदा याच्या उलट घडते. परदेशी ग्राहक आपल्याला हवा असलेला टॉवेल, चादर किंवा सदरा महाराष्ट्रातील उत्पादकाकडे पाठवितो आणि ‘असाच करून द्या’ असे कळवितो. येथे तुकडा विकण्यासाठी आलेला नसून विकत घेण्यासाठी आलेला असतो. पहिल्या प्रकारात नमुना ‘वानगी’ असतो, दुसऱ्या प्रकारात तो ‘आदर्श’ असतो. मराठीत दोहोंना नमुनाच म्हणतात, आणि आश्चर्य असे, की या एका बाबतीत मराठीची अर्थव्याप्ती आजच्या व्यवहाराला कराराच्या शब्दांपेक्षा अधिक जवळ आहे.

भारतातील नियमांचे स्वरूप

भारतात व्यापारी नमुन्यांच्या सवलतीची प्रमुख अधिसूचना १९९४ साली निघाली. पुढे तिच्यातील मूल्याच्या मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आल्या. २०१० च्या अर्थसंकल्पात शुल्कमुक्त नमुन्यांची वार्षिक मर्यादा एक लाख रुपयांवरून तीन लाख रुपयांवर नेण्यात आली. अशा मर्यादा अधिसूचनेने बदलतात. यास्तव प्रत्यक्ष आयातीच्या वेळी त्या दिवशी लागू असलेला आकडा पाहणे हाच एक मार्ग असतो. आकडे बदलले तरी सवलतीचा सांगाडा मात्र बराचसा स्थिर राहिला आहे. नमुना खरोखर नमुना असावा; तो विनामूल्य पुरविलेला असावा; त्यावर ‘नमुना’ अशी स्पष्ट खूण असावी; आणि वर्षभरातील एकूण मूल्य किंवा संख्या मर्यादेच्या आत असावी. ज्या वस्तूंची आयात निषिद्ध आहे, त्या नमुना म्हणूनही आणता येत नाहीत. व्यापारी आणि कारखानदार यांच्याबरोबरच संशोधनसंस्था व प्रयोगशाळा याही नमुने आणू शकतात, ही गोष्ट विद्यापीठीय वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या वाटेखेरीज आणखी दोन वाटा आहेत. मूल्यवान कपड्यांचा संच प्रदर्शनासाठी आणून परत न्यावयाचा असेल, तर ‘एटीए कार्ने’ या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय पुस्तिका वापरता येते. १९६१ च्या ब्रुसेल्स कराराने रूढ झालेल्या या पुस्तिकेची हमी प्रत्येक देशातील एक व्यापारी संघटना देते. भारतात हे काम फिक्की ही संघटना करते. वस्तू मुदतीत परत गेली नाही, तर शुल्काची जबाबदारी हमीदारावर येते. दुसरी वाट अधिक साधी आहे : शुल्क भरून वस्तू आणावी, आणि ती न वापरता शुल्क भरल्यापासून दोन वर्षांच्या आत परत पाठविल्यास ७४ व्या कलमान्वये भरलेल्या शुल्काचा ९८ टक्के भाग परत मागावा. तीच वस्तू परत जात आहे, अशी ओळख येथेही पटवावी लागते.

‘व्यापारी मूल्य नाही’ या शब्दांचा अर्थ

नमुन्याच्या पाकिटावर परदेशी पुरवठादार पुष्कळदा ‘व्यापारी मूल्य नाही’ असा शेरा लिहितो. या शेऱ्यामुळे शुल्काचा प्रश्नच मिटतो, असा एक समज प्रचलित आहे. तो खरा नाही. सीमाशुल्क अधिनियमाच्या १४ व्या कलमात आणि त्याखालील २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांत मूल्य ही विक्रीच्या व्यवहाराशी जोडलेली कल्पना आहे. जेथे विक्री झालेलीच नाही, तेथे किंमत शून्य ठरत नाही. ती अन्य रीतीने, उदाहरणार्थ तशाच वस्तूच्या किमतीवरून, काढावी लागते. ‘पैसे घेतले नाहीत’ आणि ‘किंमत नाही’ ही दोन विधाने व्याकरणदृष्ट्या जवळची असली तरी अर्थदृष्ट्या फार दूरची आहेत. पहिले विधान देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या संबंधाविषयी आहे, तर दुसरे वस्तूविषयी.

कापडाच्या बाबतीत यात आणखी एक गुंतागुंत आहे. अनेक कापडांवर आणि कपड्यांवर शुल्काचा दर दुहेरी असतो : मूल्याच्या अमुक टक्के, किंवा दर चौरस मीटरमागे, दर किलोमागे अथवा दर नगामागे अमुक रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते. अशा ठिकाणी कागदावर मूल्य कमी लिहूनही शुल्क कमी होत नाही. कारण तेथे मोजपट्टी किंवा तराजू बोलू लागतो. उलट मूल्य मुद्दाम चुकीचे लिहिल्यास १११ व्या कलमान्वये वस्तू जप्तीस पात्र होते.

तुकड्याचे वर्णन

सवलत मिळो वा न मिळो, वस्तूचे वर्गीकरण करावेच लागते. जागतिक पातळीवर १९८८ पासून अमलात असलेल्या एकसूत्री वर्गीकरणात वस्त्रे अकराव्या विभागात येतात. ५० ते ६३ ही त्याची प्रकरणे. रेशीम, लोकर, कापूस अशा तंतूंपासून आरंभ करून हा विभाग शेवटी जुन्या कपड्यांपर्यंत आणि चिंध्यांपर्यंत पोहोचतो. एका अर्थाने वस्त्राचे सारे आयुष्य त्यात क्रमाने आले आहे.

येथील प्रत्येक भेद म्हणजे भाषेतील एक सीमारेषा होय. मिश्र कापडात वजनाने जो तंतू अधिक, त्याच्या नावाने ते कापड सामान्यतः ओळखावयाचे. सुती कापडात कापूस ८५ टक्के किंवा अधिक असेल, तर वजनानुसार त्याचे दोन शीर्षकांत विभाजन होते : दर चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंतचे कापड ५२०८ मध्ये आणि त्याहून जड कापड ५२०९ मध्ये. समजा, नमुन्याचा तुकडा वीस सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा पंचविसावा भाग भरते. म्हणजे ८ ग्रॅम ही त्याच्यापुरती सीमारेषा झाली. व्यवहारात ज्याला ‘जाड पोत’ किंवा ‘पातळ पोत’ म्हणून बोटांनी पारखतात, ते येथे आठ ग्रॅमच्या काट्यावर ठरते.

तयार कपड्यांचे भेदही असेच सूक्ष्म आहेत. विणाईचा, म्हणजे सुईवर किंवा यंत्रावर फासे घालून केलेला, कपडा ६१ व्या प्रकरणात जातो. ताणा-बाणा घालून मागावर विणलेल्या कापडाचा ६२ व्या प्रकरणात. मराठीत दोन्ही क्रियांना ‘विणणे’ हे एकच क्रियापद असल्याने हा भेद मराठी भाषकास फोड करून सांगावा लागतो. पुढून उघडणाऱ्या वस्त्राची डावी बाजू उजवीवर येत असेल तर ते पुरुषाचे, आणि उजवी बाजू डावीवर येत असेल तर ते स्त्रीचे समजावे, असाही संकेत आहे. कापडाचा तुकडा सरळ चौकोनी कापलेला असेल तर तो कापडच राहतो. चौकोनाखेरीज दुसऱ्या आकारात कापला की ‘तयार वस्तू’च्या व्याख्येत शिरू शकतो. नमुना कापणाऱ्याच्या कात्रीला याची कल्पना नसते, पण तिच्या वळणाने शीर्षक बदलू शकते.

कापण्याचा अर्थ आणि कापण्याची किंमत

कापणे हे सीमाशुल्कात नुसते कृत्य नसून एक प्रकारचे विधान असते. अधिनियमाच्या २४ व्या कलमात मालकाच्या विनंतीवरून माल विशिष्ट उपयोगास अपात्र करण्यासंबंधी नियम करण्याची तरतूद आहे. तसे केल्यावर त्या बदललेल्या रूपानुसार शुल्क आकारले जाते. जुन्या कपड्यांच्या बाबतीत याचे परिणाम ठळकपणे दिसतात. वापरलेले कपडे ६३०९ या शीर्षकात येतात व त्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. चिंध्या ६३१० मध्ये येतात, आणि पूर्णपणे आधीच फाडलेल्या चिंध्यांना सुलभ प्रवेश आहे. सदरा आणि चिंधी यांमधील अंतर कात्रीच्या एका फटकाऱ्याचे असते; परंतु त्या फटकाऱ्याने वस्तूचे नाव, शीर्षक आणि भवितव्य ही तिन्ही बदलतात.

नमुन्याच्या बाबतीत मात्र हा फटकारा जपून मारावा लागतो. कराराने घातलेली मर्यादा येथे कळीची आहे : माल म्हणून निरुपयोगी, पण नमुना म्हणून उपयोगी. सदऱ्याच्या पाठीवर भोक पाडले तर गळ्याची शिवण, बटनपट्टी आणि कापडाचा पोत यांचा अभ्यास करता येतो. परंतु साडीसारख्या वस्त्रात काठ आणि पदर यांचे परस्परप्रमाण हाच अभ्यासाचा विषय असतो. पदराला भोक पाडले की नमुन्याचा गाभाच जातो. टॉवेलचे पाणी शोषण्याचे गुण तपासावयाचे असतील, तर त्यावर पक्क्या शाईचा मोठा शिक्का मारल्याने चाचणीच बिघडू शकते. यास्तव कोठे खूण करावी याचा निर्णय नमुना पाहण्याचा हेतू विचारूनच घ्यावा लागतो. आणणाऱ्याने तो हेतू आधी लेखी सांगितला, आणि ज्या भागाचा अभ्यास करावयाचा नाही तेथे पुरवठादाराकडूनच ठळक, न पुसणारी खूण करवून घेतली, तर दोन्ही बाजूंची अडचण टळते.

या प्रश्नाला एक ऐतिहासिक बाजू आहे. जॉन फोर्ब्स वॉटसन हा मुंबईच्या वैद्यकीय सेवेत काम केलेला गृहस्थ पुढे लंडनमध्ये भारतातील उत्पादनांचा वृत्तांतलेखक झाला. १८६६ साली त्याने भारतीय कापडांच्या ७०० नमुन्यांचा १८ खंडांचा संग्रह सिद्ध केला. त्याचे २० संच करण्यात आले, आणि त्यांतील १३ ब्रिटनमध्ये व ७ भारतात ठेवण्याची योजना होती. प्रत्येक तुकड्याबरोबर लांबी, पन्हा, वजन आणि उत्पादनाचे ठिकाण यांची नोंद होती. भारतीय लोक काय नेसतात हे ब्रिटिश गिरणीमालकांना कळावे, हा त्याचा उघड हेतू होता. त्यासाठी अखंड वस्त्रे कापून त्यांचे तुकडे खंडांत चिकटविले गेले.

या सातशे तुकड्यांना कोणतेही ‘व्यापारी मूल्य’ नव्हते; तरीही त्यांच्यातील ज्ञानाचे मूल्य फार मोठे होते, आणि ते ज्ञान विणकराकडून त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेले. त्यानंतरच्या काळात, १८८२ साली, भारतात येणाऱ्या सुती मालावरील आयात शुल्क काढून टाकण्यात आले. १८९६ साली ते साडेतीन टक्के असे ठेवले गेले, तेव्हा भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तितकाच उत्पादनकर बसविण्यात आला, आणि तो १९२५ पर्यंत चालू राहिला. नमुना आणि शुल्क यांचा संबंध केवळ कारकुनी नसतो, हे यावरून स्पष्ट होते. ज्याच्या हाती नमुना आहे, त्याच्या हाती उद्याच्या मालाची किल्ली असते. त्या वेळी नमुने येथून बाहेर गेले. आज सोलापुरात किंवा इचलकरंजीत जो नमुना येतो, तो त्याच किल्लीचा उलट प्रवास आहे. तो वेळेवर आणि अखंड हाती पडणे ही लहान उत्पादकाच्या दृष्टीने चैन नसून उपजीविकेची बाब आहे.

रंगाची कसोटी

एक शेवटची अट रंगाविषयी आहे. काही ॲझो रंगांपासून आरोग्यास घातक द्रव्ये निर्माण होऊ शकतात, म्हणून १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली अशा रंगांवर बंदी घालण्यात आली. कापड आणि कपडे यांच्या आयातीस ती अट जोडलेली आहे. ज्या देशात माल तयार झाला तेथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सोबत नसेल, तर मालातून नमुना काढून त्याची येथे चाचणी होते. १९६३ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या व मुंबईत मुख्यालय असलेल्या वस्त्र समितीच्या प्रयोगशाळा अशा चाचण्यांसाठी परिचित आहेत. येथे पुन्हा दोन्ही अर्थांचे नमुने एकत्र येतात. मोठ्या तागाभर कापडातून नमुना काढला तर ताग्याचे काही बिघडत नाही. परंतु आलेली वस्तूच जर वीतभर तुकडा असेल, तर चाचणीसाठी काढावयाचा नमुना आणि पाहण्यासाठी आणलेला नमुना हे एकमेकांच्या जिवावर उठतात. प्रमाणपत्र आधीच मागवून ठेवणे हे अशा वेळी केवळ नियमपालन नसते. तुकडा वाचविण्याचा तो उपाय असतो.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते, की ‘नमुना’ हे वस्तूचे नाव नसून वस्तूच्या नात्याचे नाव आहे. कोणताही तुकडा स्वभावतः नमुना नसतो. तो कशाचा तरी, कोणासाठी तरी आणि कोणत्या तरी हेतूने नमुना होतो. कायदा हे नाते थेट पाहू शकत नाही. म्हणून तो मूल्य, संख्या, खूण, छिद्र आणि मुदत या दृश्य चिन्हांवरून त्याचे अनुमान करतो. ही चिन्हे नात्याशी जुळली, की नियम सुरळीत चालतो. न जुळली, की प्रामाणिक माणसाचा नमुना माल ठरतो आणि अप्रामाणिकाचा माल नमुना ठरतो.

भाषाभ्यासकाचे कार्य येथे मर्यादित पण निश्चित आहे. वानगी, आदर्श, तक्ता आणि चाचणीचा अंश या चार कल्पनांना मराठीत चार स्वतंत्र संज्ञा योजून त्या सातत्याने वापरल्या, तर नियमांचा मराठी अनुवाद वाचणाऱ्या उत्पादकास आपण कोणत्या अटीखाली येतो हे दलालाच्या मदतीवाचून कळू शकेल. ‘वानगी’ हा शब्द मराठीत सिद्ध आहे आणि त्याचा अर्थ संदिग्ध नाही. विक्रीसाठी दाखविल्या जाणाऱ्या तुकड्यासाठी तो राखून ठेवता येईल. अनुकरणासाठी आलेल्या वस्तूस ‘आदर्श नमुना’, आणि १४४ व्या कलमाखाली काढलेल्या अंशास ‘चाचणी-नमुना’ म्हणता येईल. छापील तक्त्यास ‘नमुना’ म्हणण्याची महसुली रूढी इतकी खोल गेली आहे, की तेथे बदल सुचविण्यात अर्थ नाही. परंतु उरलेल्या तिन्ही अर्थांची फारकत झाली, तरी न्हावा-शेव्यापासून सोलापूरपर्यंतच्या पत्रव्यवहारातील पुष्कळसा घोटाळा, आणि त्याबरोबर पुष्कळसा विलंब, कमी होईल.